हिरवी आली की कळवा

आंबीच्या अनिता ओव्हाळला हिरव्या रंगाची भीती वाटते, हे सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. बाई तशी धीट. पेंढ्याच्या गंजीत निघालेली घोणस तिने खुरप्याने मारलेली आहे आणि कंपनीच्या गेटवर दांडगाई करणाऱ्या मुकादमाला चारचौघांत गप्प केलेलं आहे. पण बांगड्या भरायला बसली की लाल भरील, निळ्या भरील, हिरव्याकडे ढुंकून बघायची नाही. तिचं लग्न बौद्ध पद्धतीने, पांढऱ्या साडीत झालं. तेव्हा मामीने हौसेने आणलेला हिरवा चुडा तिने मांडवातच परत केला आणि त्यावरून सासरी वर्षभर टोमणे खाल्ले. कारण विचारलं की म्हणायची, "मला न्हाई आवडत." जास्त खोदून विचारायची कोणाची छाती नव्हती.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय आलं, तर पिवळ्याचं हिरवं करायचं.

आंबीच्या कारखान्यांच्या मागे एक बंद पडलेली पोल्ट्री होती. तळेगावच्या प्रदीप सरांनी ती घेतली, धुऊनपुसून पांढरी केली आणि तिथे गरोदर बायकांसाठी कागदाच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. पट्टी लघवीत बुडवायची आणि मिनिटभर थांबायचं. पिवळी राहिली तर चिंता नाही. हिरवी झाली तर समजायचं की लघवीतून प्रथिनं जातायत, बहुधा रक्तदाब चढतोय, आणि बाईला लगेच दवाखान्यात न्यायला हवं. नाहीतर झटके येतात, आणि मग आई आणि मूल दोघांचाही भरवसा उरत नाही. अशा पट्ट्या दवाखान्यात असतातच. पण पवन मावळातल्या वस्तीवरची बाई कापणीच्या दिवसांत दवाखान्यात जाते कुठली? म्हणून पट्टीनेच तिच्या घरी जावं, अर्ध्या कप चहापेक्षा स्वस्तात जावं, हा सरांचा ध्यास. माणूस भला. औषधांच्या मोठ्या कंपनीतली खुर्ची सोडून कोंबड्यांच्या शेडमध्ये आला, म्हणून त्यांच्या सासूबाईंनी म्हणे अजून बोलणं टाकलेलं आहे.

शेडमध्ये पाच बायका. कागद रंगाच्या पाण्यात बुडवायचा, दोरीवर सुकवायचा, कापायचा, डब्यांत भरायचा. अनिता सगळ्यांत जुनी, म्हणून सकाळची परीक्षा तिच्याकडे. रोज एक अंडं फोडायचं, त्यातलं पांढरं पाण्यात कालवायचं आणि आदल्या दिवशीच्या पट्ट्यांतली एक त्यात बुडवून बघायची. आजारी बाईच्या लघवीतून जातं ते आणि अंड्यातलं पांढरं, दोन्ही एकाच जातीचं. पट्टी हिरवी झाली की माल पास. उरलेल्या बलकाची पोळी बायका चहाबरोबर वाटून खातात आणि अनिताची थट्टा करतात, कारण ते एक मिनिट ती श्वास रोखून उभी असते. शेडमध्ये पट्टी हिरवी झाली नाही तर भीती, आणि गावात झाली तर भीती. चार वर्षं ही दोन्ही भयं पोटात घेऊन ती कामाला येत होती.

हे भय तिच्या पोटात कुठून आलं, ते सांगायला हवं. तिची थोरली बहीण कौसल्या. अनिता बारा वर्षांची असताना ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पाय सुजले, मग तोंड सुजलं, तर शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, पोरगी भरली. डोकं दुखतं म्हणाली, तर कपाळाला सुंठ उगाळून लावली. एका दुपारी भाकरी थापता थापता ती ताठ झाली आणि हातपाय झाडू लागली. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. आईने कांदा हुंगवला आणि अनिताला म्हणाली, पाय धर. अनिताने पाय धरले. कौसल्याच्या हातांत ओटीचा हिरवा चुडा होता. हात जमिनीवर आपटत होते, एकेक बांगडी फुटत होती आणि काचा परातीतल्या पिठात उडत होत्या. तळेगावला न्यायला जीप मिळेपर्यंत असं तीन वेळा झालं. जीप इंद्रायणीच्या पुलावर आली तेव्हा आईने हंबरडा फोडला. यातलं काहीच अनिता कोणाला सांगत नाही. पण त्या सुजलेल्या पायात बोट रुतलं की खळगा तसाच राहायचा, हे तिच्या हातांना अजून आठवतं.

दसरा झाल्यावर तिकोणा पेठेत पट्ट्या वाटायचं ठरलं. नऊ गरोदर बायका, प्रत्येकीला आठ पट्ट्यांची डबी आणि एक चित्रांचं कार्ड. दर सोमवारी सकाळी एक पट्टी. समजावून सांगायचं काम अनिताचं, कारण असल्या गोष्टी बाईने बाईला सांगितलेल्या बऱ्या. गाडीतून उतरताना सर म्हणाले, "अनिताताई, घाबरवू नका हं. माणसं घाबरली की डबी माळ्यावर टाकतात आणि विसरून जातात. गोड बोला."

शाळेच्या पडवीत समोर नऊ पोटं बसली होती आणि त्यांच्या शेजारी नऊ सासवा. अनिताने सगळं आठ दिवस मनात घोळवलेलं होतं. सूज, झटके, कौसल्या, मरण, यातला एक शब्द बाहेर येईना. पोटुशी पोरींच्या तोंडावर असलं अभद्र बोलायचं कसं? सरांचं 'गोड बोला' तेवढं कामाला आलं. ती हसून म्हणाली, "पिवळी ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. हिरवी आली की लगेच कळवा. मी सोता येईन तुमच्याकडं."

पुढच्या रांगेतल्या अंबूबाईने मान डोलावली. "हिरवी आली की कळवा. ध्यानात ऱ्हाईल." तिच्याशेजारी तिची सून तेजल बसली होती, पहिलटकरीण, उगाच लाजून हसणारी. तिचा नवरा सार्थक कुसगावच्या हॉटेलात कामाला. अनिताने तिच्या पायांकडे बघून घेतलं. पाय हडकुळे होते. तेवढ्यावर ती समाधानाने परतली.

महिन्याभराने, एका शुक्रवारी अकराच्या सुमाराला अनिता पट्ट्या कापत असताना तिचा फोन वाजला.

"अनिताताई का? मी अंबूबाई बोलतीया, तिकोना पेठची. बांधावर आलीया, हितंच रेंज घावती बगा. ताई, आमच्या तेजलची हिरवी आली बरं का."

अनिताने कात्री खाली ठेवली. "कवा आली, मावशी?"

"तीन सोमवार झालं. पयली जराशी पोपटी व्हती. दुसरी बरी हिरवी व्हती. आन् ह्या सोमवारची तर गर्द, चुड्यावानी. तिन्ही देव्हाऱ्यात ठेवल्यात. तुमी म्हनलेला कळवा, पर कापनी सुरू झाली, सवडच घावंना. रविवारी तिची ओटी हाय. सातव्यातली ऱ्हायली, आता नववा लागला. तुमी यायचंच."

"तपासनीला नेलं व्हतं का तिला?"

"कशाला? हिरवी आलीया की."

अनिता उठून उभी राहिली. तिने विचारलं, "मावशी, पाय सुजल्यात का तिचं?"

"अंग भरलंय चांगलं. काल कासारीन आलती, चुडा भराया तिला निम्मी दुपार लागली. आज जरा डोकं दुखतंय म्हनून पडलीया. ते काय..." आणि रेंज गेली.

अनिताने उलटा फोन लावला. मग परत लावला. बांधावरून अंबूबाई खाली उतरली असणार, म्हणजे आता फोन मुका. गावातल्या आशा-सेविकेचाही लागेना. अनिता सरांच्या टेबलापाशी गेली. सगळं ऐकून सर म्हणाले, "पण कार्डावर हिरव्यापुढे दवाखाना काढलाय की आपण."

"दवाखान्याच्या दारात हसरं बाळ बी काढलंय, सर," अनिता म्हणाली.

सरांनी गाडीची किल्ली उचलली. ॲम्ब्युलन्स तिकडे जाऊन परत यायची, त्यापेक्षा आपणच लवकर पोचू, एवढंच ते बोलले.

कामशेतपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. आणि बोलायचं तरी काय? आपली भाषा मोठी सोवळी. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दाराबाहेर पडणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. वाईटाचं नाव घेतलं की वाईट दारात येतं, या भीतीने आपण पिढ्यानपिढ्या उलटं बोलतो आणि एकमेकांना समजतोही. अशा मुलखात एक बाई हसत हसत सांगून गेली की हिरवी आली की कळवा. मुलगा झाला की कळवा, सुखरूप पोचलात की कळवा, तसंच हेही. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, हिरवी ओटी, आणि आता हिरवी पट्टी. यात भ्यायचं कोणी आणि कशाला? अंबूबाईने काही चूक केली नव्हती. तिने ऐकलं ते तसंच केलं होतं. हे अनिताला त्या गाडीत पक्कं कळलं, आणि ते कळणं तिला सोसवेना.

पवनेच्या वळणावर भाताच्या पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर पुढे आडवा आला. सर हॉर्न वाजवत राहिले. अनिताने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, कारण हातांना ते खळगे आठवायला लागले होते. तिला वाटत होतं की आपण पोचू तेव्हा अंगणात माणसं जमलेली असतील. ट्रॅक्टर बाजूला झाला तरी तिला ते अंगणच दिसत होतं.

अंगणात माणसं नव्हती. ओसरीवर ओटीची तयारी होती, नवं हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं, पाच नारळ, एका सुपात गहू. अंबूबाई लगबगीने पुढे आली. "आजच आलात व्हय? बसा, च्या टाकते." अनिता बसली नाही. मराठ्याच्या घरात उंबऱ्याबाहेर थांबायची सवय तिच्या आईची होती, तिची नव्हती. तरी पाय क्षणभर अडखळला. मग ती सरळ माजघरात गेली.

तेजल अंधारात गोधडीवर पडली होती. तोंड ओळखू येत नव्हतं. अनिताने तिच्या नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खळगा तसाच राहिला.

"ताई," तेजल म्हणाली, "डोळ्यापुढं चांदन्या चमकत्यात."

तेवढ्यात अंबूबाई देव्हाऱ्यातलं ताट घेऊन आली. तीन पट्ट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं. तिसरी पट्टी अनिता रोज सकाळी अंड्याच्या पाण्यात बघायची त्याहून गडद होती.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायची."

अंबूबाईचं हसू मावळलं. "ओटी भरल्याबिगार भाईर न्हाई काढायची. परवावर आलंय. हिरवी चांगली म्हनून तुमीच हसून सांगितलेलं."

सर मागून समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त एकदा..."

"सर, तुमी गप ऱ्हावा," अनिता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना असं बोलली. मग ती अंबूबाईच्या समोर गेली आणि म्हणाली, "मावशी, माजी भन अशीच सुजली व्हती. असंच डोकं दुकत व्हतं. आमाला बी वाटलं पोरगी भरली. मग तिला झटके आलं. मी बारा वर्साची, पाय धरून बसलेते. तिच्या हातात बी हिरवा चुडा व्हता. फुटला सगळा. दवाखान्यात पोचली न्हाई ती. गेली न्हाई मावशी, मेली."

तो शब्द त्या घरात, ओटीच्या सामानासमोर आणि पोटुशी बाईच्या कानांदेखत पडला. अंबूबाईच्या हातातलं ताट कलंडलं आणि कुंकू तिच्या पायांवर सांडलं.

"मग तवाच का न्हाई सांगितलं?" तिने विचारलं.

"मी भ्याले," अनिता म्हणाली.

अंबूबाईने ताट खाली ठेवलं. तिने सुनेच्या काखेत हात घातला.

गाडीत मागच्या सीटवर तेजलचं डोकं सासूच्या मांडीवर आणि पाय अनिताच्या मांडीवर होते. प्रत्येक खड्ड्याला अनिता मनात म्हणायची, आता. आता ताठ होईल. सर एका हाताने गाडी चालवत दवाखान्यात फोन करून सांगत होते. रेंज आल्यावर सार्थकलाही कळवलं. तेजल मधूनच म्हणायची, लय दुकतंय. मग बोलेनाशी झाली, तेव्हा ती बोलत होती तेच बरं होतं असं वाटायला लागलं. इंद्रायणीचा पूल त्या वाटेवर नव्हता. तरी अनिताने तळेगाव येईपर्यंत डोळे मिटून घेतले होते.

दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि न बोलता पुन्हा हवा भरली. दुसऱ्यांदा बघून ती धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. परत आली ती सुया घेऊनच. "बांगड्या काढा आधी. शीर सापडत नाही, आणि ऑपरेशनला न्यावं लागेल."

काल भरलेला घट्ट चुडा आणि आज त्याहून सुजलेला हात. अनिताने साबण लावला. डाव्या हातातल्या दोन निघाल्या, कातडी सोलवटली. बाकीच्या हलेनात. नर्स म्हणाली, "वाढवाव्या लागतील."

"न्हाई," अंबूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "भरल्या दिवसांची हाय ती. नवरा हाय तिचा. चुड्याला हात न्हाई लावायचा."

आणि तेव्हाच तेजल ताठ झाली. बुबुळं वर गेली, जबडा आवळला आणि हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटू लागले. अनिताला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिने पाय धरले. तेच पाय, तोच खळगा. तीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती. डॉक्टर आले, नर्सने मांडीत इंजेक्शन दिलं, आणखी एक दिलं. हळूहळू पाय सैल पडले. पण शीर अजून मोकळी नव्हती. नर्सने पुन्हा हात उचलला तेव्हा अंबूबाई पुढे झाली. तिने आपल्या पदराची घडी सुनेच्या मनगटाखाली घातली, हात लोखंडाच्या कडेवर धरला आणि स्वतः बांगड्या आपटल्या. एक, दोन, उरल्या त्या सगळ्या. मग दुसरा हात.

झाडायला आलेल्या मावशीने काचा बघून विचारलं, "बांगड्या वाढवल्या का?"

"फोडल्या," अंबूबाई म्हणाली. "मी फोडल्या."

तेजलला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. सार्थक कुसगावहून आला आणि आईशेजारी टेकला. दिवेलागणीला आतून एक बारीक आवाज आला, तो रडण्याचा आहे की नाही तेही कळेना. मुलगी झाली होती, पावणेदोन किलोची. ती काचेच्या पेटीत ठेवली. आईचं काही सांगता येत नाही, सकाळपर्यंत बघू, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी तेजलने डोळे उघडले. रक्तदाब खाली येत होता. नवऱ्याला ओळखून तिने आपल्या उघड्या मनगटांकडे बघितलं. सर चहा घेऊन आले, अनिताच्या हातात कप दिला आणि म्हणाले, "झालं आता, अनिताताई. वाचली पोरगी. आता घाबरू नका."

अनिता कपाकडे बघत राहिली. तिच्या तळहातात काचेचा एक हिरवा कण रुतला होता, तो तिने नखाने काढला. मग तिला ते आठवलं. त्या दिवशी पडवीत पोटं नऊ होती.

"सर, मी ते नऊ जनींना सांगितलंय," ती म्हणाली. "हसून."

सरांनी कप खाली ठेवला. अंबूबाई बाकावरून उठली, सार्थकला म्हणाली, हितं बस, आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

तिकोणा पेठेत शनिवारची सकाळ होती. अंगणाअंगणांत भात झोडणं चाललं होतं. अंबूबाई पुढे आणि अनिता मागे. प्रत्येक उंबऱ्यावर अंबूबाई एकच म्हणायची, "देव्हारा दाव." पहिल्या घरी पट्ट्या पिवळ्या. दुसऱ्या घरी पिवळ्या. तिसऱ्या घरी डबी उघडलेलीच नव्हती; सून तिथेच पट्टी घेऊन आत गेली आणि त्या मिनिटभरात अनिताला पुन्हा शेडमधल्यासारखा श्वास कोंडून उभं राहावं लागलं. तीही पिवळी निघाली. असं करत सहा घरं झाली.

सातव्या घरची सासू ओट्यावरूनच हसत सामोरी आली. तिच्या हातात हळदकुंकू लावलेली एक पट्टी होती, पोपटी रंगाची.

"बरं झालं तुमीच आलात, ताई," ती म्हणाली. "आज कळवनारच व्हते."

अनिता हसली नाही. तिने त्या बाईचा हात धरला.

"भ्या, मावशी," ती म्हणाली. "भ्या, आन् पोरीला गाडीत बसवा."